कॅराव्हॅन घेऊन आपल्या माणसांकडे : ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा गावाकडे निघणाऱ्या जोडप्यांसाठी

ऑस्ट्रेलियातली आपली माणसं आता फक्त मेलबर्न-सिडनीच्या सबर्बमधे राहत नाहीत. डॉक्टर आणि नर्स मंडळी आधीपासूनच लहान गावांत होती, त्यात नोव्हेंबर २०१९ पासून ४९१ चा रीजनल व्हिसा (मोठ्या शहरांबाहेर राहण्याच्या अटीचा) सुरू झाला आणि मग कोणाची मावसबहीण डब्बोला, कोणाचा इंजिनिअरिंगचा रूममेट मिल्डुराला, कोणी शेपर्टनला, कोणी थेट तुवुंबाला. फोनवर दर वेळी तेच, "अरे या ना एकदा इकडे", आणि आपण म्हणतो "येतो येतो", आणि वर्षं निघून जातात. कारण पण खरं असतं, विमान त्या गावाला जात नाही किंवा जातं तर तिकीट परवडत नाही, गाडीने आठ-नऊ तास, आणि गेल्यावर दोन बेडरूमच्या घरात चार दिवस त्यांची खोली अडवून बसायचं म्हणजे संकोच वाटतो.

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर (आम्ही नुसतं व्हॅनही म्हणतो), हा त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. स्वतःचा पलंग, स्वतःचा टॉयलेट, स्वतःचा गॅस घेऊन जायचं आणि त्यांच्या ड्राइव्हवेमधे उभं राहायचं, गप्पा त्यांच्या ओट्याशी आणि झोप आपल्या घरात. यजमानाला चादरी धुवायच्या नाहीत, आपल्याला सकाळी बाथरूमच्या रांगेत उभं राहायचं नाही, त्यामुळे दोन दिवसांऐवजी चार दिवस राहिलो तरी कोणी अवघडत नाही. आम्ही दोघं असंच फिरतो, आणि नवीन लोक जे प्रश्न विचारतात ते सगळे डोक्यात ठेवून हे लिहितेय. समुद्रकिनाऱ्याच्या सुट्टीसाठी वेगळं प्लॅनिंग लागतं, हे माणसांना भेटायला जाणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १ : आधी माणसांची यादी, मग नकाशा

बहुतेक जण उलटं करतात, आधी बघण्याच्या जागा काढतात आणि मग वाटेत कोण राहतं ते आठवतात. तुम्ही आधी माणसं लिहा. मग प्रत्येकाला फोन करून दोन गोष्टी विचारा, तुम्ही कधी मोकळे आहात आणि तुमच्याकडे कॅराव्हॅन उभी राहील का. हॉस्पिटलमधे काम करणाऱ्यांचा रोस्टर असतो, ते ऑन कॉल असताना गेलात तर ते तुमच्याशी बोलतील आणि कान फोनकडे असेल. शेतावर राहणारे ऑसी मित्र असतील तर आणखी सांभाळून, गव्हाची पेरणी साधारण एप्रिल-मेमधे चालते आणि कापणी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, तेव्हा ते रात्री उशिरापर्यंत हेडरवर, म्हणजे कापणीच्या मोठ्या यंत्रावर, असतात. मेंढ्यांची लोकर कापायचं काम चालू असलं तरी तेच. अशा वेळी ते नाही म्हणत नाहीत, पण आपणच ओळखायला हवं.

त्यानंतर अंतरं. कॅराव्हॅनवाल्यांमधे तीन-तीन-तीनचा नियम चालतो, दिवसाला ३०० किलोमीटरच्या वर नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी पोहोचायचं आणि जमलं तर एका ठिकाणी ३ रात्री. ऐकायला फार सैल वाटतं, आपल्याला पुणे-नागपूर एका दमात करायची सवय, पण मागे दोन टन ओढत ९० च्या स्पीडने जाताना ३०० किलोमीटर म्हणजे चहा-जेवण धरून पाच तास सहज जातात. यजमानाकडे पोहोचून लगेच झोपायचं असेल तर मग जायचं कशाला.

सीझन : न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरियाच्या आतल्या भागात एप्रिल-मे आणि ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबर सगळ्यात छान. जानेवारीत आतल्या गावांत पारा चाळिशी ओलांडतो आणि कॅराव्हॅनची भिंत पातळ असते. जून-जुलैमधे दिवस सुंदर, पण रात्री शून्याच्या आसपास जातं, तेव्हा डिझेल हीटर असलेलीच व्हॅन घ्या. क्वीन्सलंडच्या उत्तरेला किंवा नॉर्दर्न टेरिटरीला जायचं तर मे ते सप्टेंबर.

पायरी २ : पहिल्यांदा भाड्याने घ्या, आणि वजनाचं गणित स्वतः करा

लगेच विकत घेऊ नका. एकदा भाड्याने घेऊन आठवडाभर राहून बघा, मग तुम्हाला कळेल की तुम्हाला आत शॉवर खरंच लागतो का, फिक्स पलंग हवा की घडीचा चालेल, आणि मुख्य म्हणजे दोघांपैकी ओढायला कोण कम्फर्टेबल आहे. माझं म्हणणं दोघांनी शिकावं. ठिकठिकाणी एक दिवसाचे टोइंगचे कोर्स असतात, त्याचे पैसे वसूल होतात.

आता वजन. हा भाग कंटाळवाणा आहे पण जीव यावरच अवलंबून आहे, त्यामुळे शांतपणे वाचा. कॅराव्हॅनच्या प्लेटवर टेअर लिहिलेलं असतं, म्हणजे रिकामी व्हॅन, आणि एटीएम लिहिलेलं असतं, म्हणजे भरलेली व्हॅन जास्तीत जास्त किती जड चालेल. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचं सामान, पाणी, गॅस सगळं मिळून. बऱ्याच व्हॅनमधे तो चारशे-पाचशे किलोच असतो. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो तिथेच गेले. मग आपला कुकर, लोखंडी तवा, दहा किलोची तांदळाची पिशवी, मिक्सर, खुर्च्या, ऑनिंगची (व्हॅनच्या बाजूला ताणायच्या कापडी छपराची) भिंत, भेटवस्तूंचे खोके. भरून झाल्यावर एकदा पब्लिक वेब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, नेऊन वजन कराच.

गाडीच्या बाजूला तीन आकडे बघायचे, टोइंग कपॅसिटी, टोबॉलवर (गाडीच्या मागच्या ज्या गोळ्याला व्हॅन जोडतात त्यावर) किती वजन चालतं, आणि जीसीएम म्हणजे गाडी आणि व्हॅन दोन्ही मिळून कमाल वजन. मोठ्या यूटवाल्या (पिकअपवाल्या) सगळ्यांना "साडेतीन टन ओढते" एवढंच माहीत असतं, पण गाडीत चार माणसं आणि मागे सामान भरलं की जीसीएमच्या हिशोबात साडेतीन टन उरतच नाही. टोबॉलवर साधारण व्हॅनच्या वजनाच्या १० टक्के यायला हवं. फार कमी आलं, म्हणजे जड सामान मागच्या टोकाला भरलं, तर व्हॅन शेपूट हलवायला लागते. म्हणून जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास, वरच्या कपाटांत फक्त पोहे, पापड, कपडे.

७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, २००० किलोच्या वर गेलं की सगळ्या चाकांना ब्रेक आणि वर ब्रेकअवे सिस्टिम, म्हणजे व्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लागतात. यासाठी तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर बसवलेला हवा, भाड्याने घेताना हा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा. तसंच तुमचं रोडसाइड असिस्टन्स व्हॅनलाही कव्हर करतं का ते बघा, साध्या प्लॅनमधे बहुतेक वेळा फक्त गाडी असते किंवा टो करायचं अंतर फार कमी असतं. आणि हो, चालत्या कॅराव्हॅनमधे कोणीही बसायचं नाही, आजी झोपली असेल तरी नाही, ते बेकायदा आहे.

पायरी ३ : गावाबाहेर पडण्याआधी रिव्हर्स

मोकळ्या पार्किंगमधे रविवारी सकाळी जाऊन तासभर रिव्हर्सची प्रॅक्टिस करा. युक्ती एकच, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा, मग व्हॅनचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात सरकवायचा. हळू, अगदी हळू, आणि वाकडं झालं की पुढे जाऊन सरळ करून परत. बाहेर उभं राहणाऱ्याने ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं, आणि तोंडाने ओरडायच्या ऐवजी फोन स्पीकरवर लावून बोलायचं. "इकडे घे, तिकडे घे" चालत नाही, "ड्रायव्हर साइड" आणि "पॅसेंजर साइड" म्हणा. नवरा-बायकोची निम्मी भांडणं इथेच होतात म्हणून आधीच शब्द ठरवून टाका.

निघायच्या आधी दोघांनी वेगवेगळी एक-एक फेरी मारायची. कपलिंग लॉक, सेफ्टी चेन, ब्रेकअवेची केबल, लाइट, जॉकी व्हील (व्हॅनचं पुढचं टेकू चाक) वर, व्हॅनचे टेकूचे पाय वर, पायरी आत, छताची खिडकी बंद, गॅस बंद, फ्रीजचा लॉक, व्हॅनचा हँडब्रेक काढलेला. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट परत बघा. फेरी मारताना मधे कोणी बोलायला आलं तर पहिल्यापासून सुरू करा.

पायरी ४ : रस्ता, उदाहरण म्हणून न्यूवेल हायवे

मेलबर्नकडून निघणाऱ्या मराठी जोडप्यांना मी पहिल्यांदा न्यूवेलच सांगते. व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या टोकमवालपासून क्वीन्सलंडच्या सीमेवरच्या गुंडिविंडीपर्यंत हजार किलोमीटरच्या वर सरळ आत-आतून जातो, सिडनीचं ट्रॅफिक लागत नाही, सगळा रस्ता डांबरी, गावं ठरावीक अंतरावर आणि आपली माणसं वाटेत सापडतात. मेलबर्नहून पहिला मुक्काम शेपर्टन, पावणेदोनशेच्या पुढे किलोमीटर, पहिल्या दिवसाला तेवढंच बरं. मग मरी नदी ओलांडून जेरिल्डेरी, जिथे १८७९ च्या फेब्रुवारीत नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराच्या टोळीने गाव ताब्यात घेऊन बँक लुटली होती, मग नॅरँडेरा, तिथे मरमबिजीच्या काठच्या राखीव जंगलात पायवाटेने वर बघत चाललात तर कोआला दिसतात, सकाळी लवकर जा.

पुढे वेस्ट वायलाँग, फोर्ब्स आणि पार्क्स. पार्क्सच्या बाहेर ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे, १९६१ पासून चालू, १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या टीव्ही चित्रणाचा मोठा भाग तिनेच पकडला होता. व्हॅन घेऊन आत जाता येतं, पार्किंग मोठं आहे, आणि ती डिश सपाट शेतांमधून लांबून वर येताना दिसते तेव्हा दोघंही गप्प होतात. डब्बोला सगळेच जण प्राणिसंग्रहालयासाठी थांबतात, १९७७ ला उघडलेलं, गाडीने किंवा भाड्याच्या सायकलने आत फिरायचं. पण डब्बो हे मोठं हॉस्पिटल असलेलं गाव असल्यामुळे इथे आपल्यापैकी कोणी ना कोणी असतंच, मला विचाराल तर इथे तीन रात्री ठेवा.

कुनाबॅराब्रन माझं सगळ्यात आवडतं. बाजूचं वॉरमबंगल नॅशनल पार्क २०१६ ला ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेलं उद्यान) जाहीर झालं, आणि साइडिंग स्प्रिंगला ३.९ मीटरची मोठी दुर्बीण आहे. तिथे अमावास्येच्या आसपास मुक्काम धरा, खुर्च्या बाहेर काढा, लाइट सगळे बंद. नंतर पिलिगाचं जंगल, नॅराब्राय, आणि मोरी गावात जमिनीखालून येणारं गरम पाणी, १८९५ ला बोअर घेतली तेव्हापासूनचं, थंडीत ड्रायव्हिंगने आखडलेल्या पाठीला त्याच्यासारखं औषध नाही. गुंडिविंडीनंतर तुवुंबा साधारण सव्वादोनशे किलोमीटर.

याच रस्त्यावर पूरही येतो हे लक्षात ठेवा. २०२२ च्या नोव्हेंबरमधे फोर्ब्सला मोठा पूर आला होता आणि हायवे बंद पडला होता. रोज सकाळी निघायच्या आधी त्या राज्याच्या ट्रॅफिकच्या अ‍ॅपवर रस्ता बघायचा. पाणी वाहताना दिसलं तर गाडी घालायची नाही, मागे वळायचं, यजमानाला फोन करायचा की उद्या येतो.

पायरी ५ : चालवताना

न्यूवेलवर ट्रक भरपूर, रात्री तर रांगच. ट्रक मागून जवळ आला की स्पीड तसाच ठेवा, डावीकडे राहा, त्याला जाऊ द्या. ओव्हरटेकिंग लेन आली की आपण वेग वाढवायचा नाही, ही चूक नवीन लोक हमखास करतात, रस्ता रुंद झाला की पाय आपोआप दाबला जातो आणि मागे दहा किलोमीटर ताटकळलेला ट्रकवाला तसाच राहतो. उत्तरेकडे आणि नॉर्दर्न टेरिटरीत रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५० मीटरच्या वर लांब असतात, त्यांना ओव्हरटेक करायचा विचार सोडून द्या, थांबून चहा करा.

यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा वॉकीटॉकी, घ्याच. ट्रकवाले चॅनल ४० वर, कॅराव्हॅनवाले १८ वर, ५ आणि ३५ फक्त इमर्जन्सीला. व्हॅनच्या मागे चॅनलचा स्टिकर लावलेला असला की ट्रकवाला स्वतः बोलतो, "व्हॅन, मी आता बाहेर काढतोय", आणि पुढे गेल्यावर तुम्ही "ऑल क्लिअर" म्हणायचं. फार चांगली माणसं आहेत ही, आपण नीट वागलो की वाटेतल्या अपघाताची, गुरांची सगळी खबर देतात.

व्हॅन डुलायला लागली तर ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि कंट्रोलरवरच्या बटणाने फक्त व्हॅनचे ब्रेक हळूच लावा. हे घरी बसून दहा वेळा एकमेकांना सांगा म्हणजे वेळेला हात तिथे जाईल.

संध्याकाळी सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात, पहाटेही. म्हणूनच तो तीन वाजताचा नियम. समोर आलाच तर ब्रेक मारा पण गाडी वळवू नका, मागे व्हॅन असताना वळवली की उलटते.

फोनचं म्हणाल तर शहरातलं स्वस्त सिम गावाबाहेर वीस किलोमीटरवर बंद पडतं. दोघांपैकी एकाकडे तरी टेल्स्ट्रा या फोन कंपनीच्या पूर्ण नेटवर्कचं सिम हवं, आणि फार आत जाणार असाल तर सॅटेलाइट मेसेंजर. इमर्जन्सी प्लस अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, ००० या इमर्जन्सी नंबरला फोन लावताना आपण नेमके कुठे आहोत ते त्यात दिसतं.

पायरी ६ : यजमानाचा ड्राइव्हवे

यावर कोणी लिहीत नाही आणि खरी अडचण इथेच येते. जायच्या आठवडाभर आधी यजमानाला व्हिडिओ कॉलवर ड्राइव्हवे दाखवायला सांगा, गेटपासून आतपर्यंत चालत. तुम्ही बघायचं ते असं : गेटची रुंदी, वरून जाणाऱ्या तारा आणि फांद्या, कारण छतावरच्या एसीसकट व्हॅन तीन मीटरच्या आसपास उंच असते, चढ किती आहे, आणि वळायला जागा आहे का. पावसानंतर हिरवळीवर व्हॅन लावू नका, चाकं रुततात आणि त्यांचं लॉन जातं. गावाबाहेरच्या घरांना ड्रेनेजची लाइन नसते, सेप्टिक टँक असतो, त्याच्या झाकणावर किंवा त्याचं पाणी मुरतं त्या जागेवर व्हॅन अजिबात नाही. यजमान भाड्याने राहत असतील तर त्यांनाही तो कुठे पुरलाय ते माहीत नसतं, घरमालकाला विचारायला सांगा. व्हॅनमधे किती दिवस राहता येतं याचे कौन्सिलचे नियम असतात, तेही त्यांनी एकदा बघितलेले बरे.

वीज. कॅराव्हॅनची वायर १५ अँपची असते, तिच्या प्लगची अर्थिंगची पट्टी रुंद असते, आणि घरातलं सॉकेट १० अँपचं, त्यामुळे प्लग आत जातच नाही. काही लोक ती पट्टी कानशीने घासून बारीक करतात. ते करू नका, तो बेकायदा प्रकार आहे आणि वायरिंग तापून यजमानाच्या घराला आग लागू शकते. सर्किट ब्रेकर असलेला अ‍ॅडॅप्टर मिळतो, १५ चं १० करणारा, तो महाग वाटला तरी घ्या. आणि मग १० अँपमधे काय चालतं ते समजून घ्या, फ्रीज, दिवे, चार्जिंग चालेल, पण एसी चालू असताना किटली लावली की ट्रिप होणार. एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळीत तापते.

पाणी तर आणखी नाजूक. शेतावरची बरीच घरं पावसाच्या टाकीवर चालतात, छतावरून पडलेलं पाणीच वर्षभर पुरवायचं असतं. त्यांनी "वापरा हो" म्हटलं तरी आपल्या टाक्या आधीच्या गावात भरून न्या आणि शॉवर तीन मिनिटांत आटपा. दुष्काळातल्या गावात पाणी आपणहून जपलं की यजमानाच्या मनात तुमची जागा कायमची होते, मराठवाड्यात वाढलेल्या माझ्या नवऱ्याला हे सांगावं लागलं नाही.

टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी काढता येणारी टाकी) यजमानाच्या कमोडमधे रिकामी करायची नाही. त्यातलं केमिकल सेप्टिकमधले जंतू मारतं आणि मग त्यांची टाकी तुंबते. जवळच्या शोग्राउंडला (गावाच्या जत्रेच्या मैदानावर) किंवा गावात डंप पॉइंट, म्हणजे ती ओतायची जागा असते, विकीकॅम्प्स अ‍ॅपवर दिसते, तिथेच. हातमोजे आणि वेगळी पिशवी व्हॅनच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

आणि शेजारी. रात्री जनरेटर नाही, आणि व्हॅन फुटपाथवर किंवा शेजाऱ्याच्या गेटसमोर येत नाही ना ते बघा. लहान गावात सगळ्यांना कळतं की डॉक्टरकडे कोणीतरी व्हॅन घेऊन आलंय, सकाळी फिरायला गेलात की लोक थांबून विचारतात कुठून आलात, दोन मिनिटं बोला.

शेतावर मुक्काम असेल तर गेट जसं होतं तसं ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, आपल्या मनाने काही नाही. बूट आणि चाकं आधीच्या शेताच्या चिखलासकट नेऊ नका, तणाचं बी आणि रोग त्यातून जातात. उन्हाळ्यात गवतात पायात बूट हवेच, ब्राउन स्नेक असतात. शेतावरच्या कुत्र्यांना काम असतं, विचारल्याशिवाय खाऊ देऊ नका.

पायरी ७ : स्वयंपाकघर आणि काय न्यायचं

आपल्या लोकांसाठी जाताना सगळ्यात मौल्यवान भेट म्हणजे जे तिथे मिळत नाही. छोट्या गावात सुपरमार्केटमधे बासमती आणि हळद मिळते हो, पण थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम, कुळथाचं पीठ, जाडे पोहे, हे नाही. बहिणीला फोन करून यादी मागा, ती "काही नको गं" म्हणेल, तरी मागा. आम्ही एकदा भाजणी घेऊन गेलो तर तिने डबा उघडून आधी वासच घेतला बराच वेळ, मग तिथल्या तिथे तवा ठेवला, प्रवासाच्या कपड्यांतच आम्ही थालीपीठ खाल्लं, वर लोणी.

ऑसी मित्रांकडे बार्बेक्यू असला आणि त्यांनी प्लेट घेऊन या म्हटलं तर भरलेली प्लेट न्यायची. कोथिंबीर वडी किंवा बटाटेवडे, तिखट कमी. राहतो त्या दिवसांतलं एक पूर्ण जेवण आपण करायचं, पैसे देऊ केले तर कोणीच घेत नाही, जेवण मात्र आनंदाने घेतात. पिठलं-भात सगळ्यांना आवडतो असा अनुभव आहे.

व्हॅनमधे लहान तीन लिटरचा कुकर पुरतो, डाळ-तांदूळ एकत्र. फोडणी शक्यतो बाहेर ऑनिंगखाली, आत केलीत तर गादीला वास आठवडाभर राहतो. गॅस पेटवून आत ऊब घ्यायची नाही, खिडकी आणि छताचं झाकण उघडंच ठेवून शिजवायचं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

एक महत्त्वाचं. राज्यांच्या सीमेवर फळं-भाज्यांचे नियम कडक आहेत. मिल्डुराकडून साउथ ऑस्ट्रेलियात रिव्हरलँडला जाताना यांबाच्या चेक पोस्टवर गाडी थांबवतात, फळमाशीमुळे ताजी फळं आणि टोमॅटो-मिरचीसारख्या भाज्या नेता येत नाहीत, आणि वाटेत विकत घेतलेली असली तरी सूट नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तर मधसुद्धा काढून घेतात. कढीपत्त्याचं रोप मैत्रिणीला द्यायचा मोह आवरा, रोपांचे नियम आणखी वेगळे असतात, जायच्या राज्याच्या वेबसाइटवर आधी बघायचं. चेक पोस्टच्या आधीच्या मुक्कामी फ्रीज रिकामा करायचा, सगळ्याची एक मोठी मिक्स भाजी करून खाऊन टाकायची.

पायरी ८ : मधल्या रात्री

दोन यजमानांच्या मधे एखादी रात्र स्वतःची ठेवा, कपडे धुवायला आणि गप्पांनी थकलेल्या डोक्याला. कॅराव्हॅन पार्कमधे पॉवर्ड साइट (विजेची जोडणी असलेली जागा) साधारण ४० ते ६० डॉलर, गावाचं शोग्राउंड त्याहून स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त छान, पैसे त्या गावालाच मिळतात. फ्री कॅम्पवर जाणार असाल तर दिवसाउजेडी पोहोचा, आणि जागा पटली नाही तर निघा. गावात थांबलात की तिथल्याच बेकरीतून पाव घ्या, डिझेल तिथेच भरा.

उन्हाळ्यात आगीची ताकीद रोज बघायची. २०२२ च्या सप्टेंबरपासून सगळ्या देशात चारच पातळ्या आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटच्या दोन दिसल्या की त्या भागात जायचंच नाही किंवा आदल्या दिवशी निघायचं. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) असेल तर बाहेर शेगडी पेटवायच्या आधी त्या राज्याचा नियम बघा.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर रोजचं अंतर २०० वर आणा, दर दीड तासाला थांबा, पलंगावर चढायला किती उंच आहे ते भाड्याने घेतानाच त्यांना बसवून बघा. औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवा आणि व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद गाडीच्या कप्प्यात. रात्री टॉयलेटला व्हॅनबाहेर जायला लागू नये, त्यामुळे त्यांच्यासाठी आत टॉयलेट असलेलीच व्हॅन.

बुकिंगचं म्हणाल तर ईस्टर, शाळेच्या सुट्ट्या आणि लाँग वीकेंडला लहान गावांतले पार्क आणि भाड्याच्या व्हॅन दोन्ही महिनोन्‌महिने आधी भरतात. त्या तारखा टाळता आल्या तर टाळा, नाहीतर आधी व्हॅन बुक करा, मग यजमानांना तारखा कळवा, आणि पहिल्या मुक्कामाला घरापासून दोनशे किलोमीटरच्या आतलं कोणीतरी निवडा, म्हणजे काही विसरलंच तर परत जाऊन आणता येतं.